चढता भाव, उतरता दोर

दोर तपासायचा म्हणजे नुसता नजरेखालून घालायचा नसतो, बोटांतून काढावा लागतो. वहिनी रोज सकाळी उंबऱ्याशी फतकल मारून बसायची, दोराचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरायची आणि बाकीचा सगळा दोर वीत-वीत करून चिमटीतून ओढायची. कुठे पीळ सैल झालाय, कुठे दगडाची धार लागून धागे उभे राहिलेत, हे डोळ्यांना कळायच्या आधी तिच्या बोटांना कळायचं. सत्तावीस वर्षं ती हेच करत आली होती. नवरा विहिरी खणायचा आणि ती रहाटावर उभी राहून त्याला खाली सोडायची, मातीच्या बादल्या वर ओढायची, दिवस कलला की त्याला वर काढायची. गाव त्याला दादा म्हणायचं, म्हणून ती वहिनी. तिच्या सासूच्या वयाच्या बायकाही तिला वहिनीच म्हणायच्या.

दादा घाबरट होता. हे तो स्वतःच सांगायचा. उतरायच्या दिवशी चहा त्याच्या घशाखाली जायचा नाही, तीनतीनदा परसाकडे जाऊन यायचा. "दोर बघितलास?" म्हणून विचारायचा, ती हो म्हणायची, आणि घटकाभराने पुन्हा तेच. लोक हसायचे. तो म्हणायचा, विहिरीत दोनच जातींची माणसं उतरतात, एक घाबरणारी आणि दुसरी मेलेली.

पुढे पाणी खोल गेलं आणि भोकं पाडणारी यंत्रं आली. दादा महिनाभरात जेवढं खणायचा तेवढं यंत्र दुपारच्या जेवणाआधी खणायचं. विहिरीची कामं कमी होत होत थांबली. त्यातच धाकटा परत आला. धाकटा म्हणजे दादाचा भाऊ, शहरात गवंडी होता, चाळीस मजली इमारतीवर काम करायचा. एकतीस मजले झाले आणि काम थांबलं. कुठल्याशा दूरच्या देशात बँकांनी व्याज वाढवलं आणि इमारतीत ज्यांचा पैसा होता त्यांनी तो काढून घेतला, असं मुकादमाने त्याला सांगितलं होतं. धाकट्याला त्यातलं एवढंच समजलं की थापी धुऊन पिशवीत टाकायची. त्याची बायको, धाकटी, कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. तिकडे साहेबांनी सगळ्यांना अंगणात उभं करून सांगितलं की परदेशात आपल्या शर्टांवर कर बसलाय, आता एवढे शर्ट कोणी घेणार नाही. दुष्काळात तेरावा महिना. एका चुलीवर चार माणसं आली आणि मिळवता हात एकही नाही.

अशात सोन्याचा भाव चढायला लागला.

गावामागच्या डोंगरात जुनी खाण होती. चाळीस वर्षांपूर्वी कंपनी ती सोडून गेली. सोनं संपलं म्हणून नव्हे. एका गुंजेसाठी गाडीभर दगड फोडावा लागायचा आणि फोडायचा खर्च गुंजेपेक्षा जास्त व्हायला लागला. कंपनीने तोंडावर लोखंडी जाळी घातली, पाटी लावली आणि ती गेली. पाटी गंजली, जाळी कोणीतरी भंगारात विकली, आत वटवाघळं राहायला आली. दगड तिथेच होते. आता भाव असा चढला की त्याच दगडांकडे माणसं वळून बघायला लागली.

दादाकडे लोक आले तेव्हा तो दारातला दगड पहारीने सरळ करत होता. त्यांत बॅटरीवाला होता. तो पूर्वी गाड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचा, त्याच्याकडे डोक्याला बांधायचे दिवे होते. त्याच्यामागे शिंपी. तो धाकटीच्याच कारखान्यात कापडाचे थर कापायचा. आणि सगळ्यांत पुढे, घरातलाच, धाकटा. त्यांचं म्हणणं असं की खाली कसं जायचं, टेकू कुठे द्यायचा, हवा कोंडली हे कसं ओळखायचं, हे गावात एकट्या दादाला माहीत. दादा बराच वेळ पहार मातीत टोचत राहिला. मग म्हणाला, मी आलो नाही तर तुम्ही काय कराल? धाकटा म्हणाला, आमचे आम्ही उतरू.

म्हणूनच दादा गेला, असं वहिनीला वाटलं. ते मरतील या भीतीने.

त्याने पहिल्या दिवशीच एक गोष्ट बजावली. कंपनीने आतल्या बोगद्यात जागोजागी दगडाचे जाड खांब सोडले होते. खालचा सगळा पोकळ डोंगर त्या खांबांवर उभा होता. त्यांच्यातही सोन्याच्या रेघा होत्या, बाजूच्या भिंतींपेक्षा जास्तच. दादाने खडूने प्रत्येक खांबावर मोठी फुली मारली आणि सांगितलं, फुलीला जो छिन्नी लावील त्याच्याबरोबर मी त्या दिवसापासून नाही. मान सगळ्यांनी डोलावली.

मग दिवस एकसारखे जायला लागले. तांबडं फुटताना दोर, मग चढण. रहाटाच्या एका दांड्याला वहिनी, दुसऱ्याला धाकटी. एकेक माणूस खाली सोडायचा. दोराला एक हिसका म्हणजे सोड, दोन म्हणजे वर घे, तीन म्हणजे बादली भरली. बादली वर आली की दगड ओतायचे, बादली परत सोडायची. दुपारपर्यंत खांदे भरून यायचे, तळहातावरचे जुने घट्टे सोलून त्यांच्याखालचं कोवळं कातडं जळायचं. धाकटीला हे नवीन होतं. पहिल्या आठवड्यात तिला भाजी चिरता येईना, सुरी हातातून गळायची. संध्याकाळी दगड कुटायचे, पीठ होईपर्यंत कुटायचे, आणि ते पीठ ओढ्याच्या पाण्यात घमेल्यात घोळवायचं. हलकी माती वाहून जायची. तळाशी काळी वाळू उरायची आणि तिच्या काठाला, दिसलीच तर, भुवईतल्या केसाएवढी पिवळी रेघ.

ती रेघ घेऊन वहिनी चौकात भाववाल्याकडे जायची. भाववाल्याची पत्र्याची टपरी होती, आत एक काटा, एक दिवा आणि एक फोन. फोनवर भाव यायचा, क्षणाक्षणाला बदलायचा. भाववाला कागदाच्या पुडीतली पूड काट्यावर ओतायच्या आधी तिच्यावर जोराने फुंकर मारायचा. धूळ उडावी म्हणून, असं म्हणायचा. वहिनी त्या फुंकरीकडे बघत राहायची. धुळीबरोबर काय काय उडतंय ते तिला दिसायचं, पण बोलायची सोय नव्हती. पलीकडच्या गावातला भाववाला याच्याहून जोराने फुंकायचा.

एकदा तिने विचारलं, हा भाव एवढा का चढतोय.

"जग घाबरलंय, वहिनी," भाववाला फोनवरून डोळे न काढता म्हणाला. "मोठे देश एकमेकांवर डोळे वटारून आहेत. नोटांवर कुणाचा भरवसा राहिला नाही. मग बँका सोनं घेऊन ठेवतात, श्रीमंत लोक घेऊन ठेवतात. जो घाबरतो तो सोनं घेतो."

वहिनी घरी येताना हे मनात घोळवत आली. घाबरण्यावर सोनं मिळत असेल तर आमच्या घरात खंडीभर असायला पाहिजे, असं तिने रात्रीच्या जेवणावर सांगितलं आणि सगळे हसले. दादासुद्धा.

चार महिने भाव चढत गेला. चढत्या भावाबरोबर माणसं खोल गेली. आधी जी भिंत फोडायला परवडत नव्हती ती परवडायला लागली, मग तिच्यापुढची. दोर कमी पडला, दुसरा जोडला. जोडाची गाठ वहिनीने स्वतः मारली आणि तिला त्या गाठीची रोज भीती वाटायची. गाठ रहाटावरून जाताना टक् असा आवाज व्हायचा. त्या आवाजानंतर दादा खाली कुठेतरी, तिला न दिसणाऱ्या अर्ध्यात असायचा. बाहेर ऊन, वारा, समोर धाकटी घाम पुसतेय, आणि हातातल्या दोराला एक जिवंत माणूस लटकलेला. दांड्यावरची बोटं तिला बादली वर येईपर्यंत सैल करता यायची नाहीत. पण याबद्दल ती कधी बोलली नाही. घरात घाबरायचा मान दादाचा होता.

मग एका सोमवारी भाववाल्याने तिची पुडी घेतलीच नाही. थांबा म्हणाला. त्याचा अंगठा फोनवर वरखाली होत होता आणि ओठ कोरडे पडले होते. भाव पडत होता. त्याने कालच चढ्या भावाने गावभरचा माल घेऊन ठेवला होता. कुठल्याशा दोन देशांनी टेबलावर बसून हात मिळवले होते आणि जगातल्या मोठ्या लोकांची भीती एका दिवसात ओसरली होती. ज्यांनी सोनं घेऊन ठेवलं होतं ते सगळे एकदम विकायला निघाले. मंगळवारी आणखी पडला. बुधवारी भाववाल्याने टपरी अर्धीच उघडली आणि सांगितलं की असंच चाललं तर पंधरवड्यात मी घेणं बंद करीन.

गावाचं धाबं दणाणलं. तिकडची भीती सरली होती आणि ती सगळी जणू इकडे येऊन उतरली होती.

बुधवारी दुपारी खाणीच्या तोंडाशीच माणसं बसली. जेवणाचे डबे उघडले होते, खात कुणीच नव्हतं. धाकट्याने विषय काढला. खांबात जाड रेघ आहे. पंधरा दिवसांत भिंतीतून जेवढं निघेल तेवढं एका खांबातून दोन दिवसांत निघेल. एकच खांब. तोही अर्धा. भाव आहे तोवर हात धुऊन घेऊ, मग खाणीचं तोंडसुद्धा बघायचं नाही.

दादाने डब्याचं झाकण लावलं. तो म्हणाला की खांब अर्धा राहत नसतो. तो असतो, नाहीतर नसतो.

धाकट्याचा चेहरा लाल झाला. त्याने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, असं वहिनीला पुढे कित्येकदा वाटलं.

"दादा, तू जन्मभर घाबरत आलास," तो म्हणाला. "तुझ्या भीतीवर आजवर घर चाललं, मान्य. आता चालत नाही. माझ्या बायकोच्या हातांची सालं निघालीत. तू उद्यापासून येऊ नकोस."

बॅटरीवाल्याने मान खाली घातली. शिंपी पायाने एक खडा घोळवत राहिला. दोघांपैकी कोणीही राहा म्हणालं नाही. चार महिने ज्याच्या शब्दावर माणसं जमिनीखाली गेली, त्याने आपली पहार उचलली, डोक्याचा दिवा काढून बॅटरीवाल्याच्या पुढ्यात ठेवला आणि तो डोंगर उतरायला लागला. त्याच्या पाठीवरचा घाम वाळून पांढरे डाग पडले होते. वहिनीने ते तो वळणाआड जाईपर्यंत पाहिले.

धाकटा तिच्याजवळ आला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "वहिनी, तुम्ही मात्र या. दोर दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा धीर मला होत नाही."

घरी दादाने ताकास तूर लागू दिली नाही. जाऊ नको म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. भिंतीकडे तोंड करून पडला. तिने सांगायचा प्रयत्न केला. नाही गेले तर ते गुऱ्हाळावरच्या पोऱ्यांना बोलावतील, त्यांनी जन्मात रहाट पाहिलेला नाही. सकाळी ती एकटीच दोर तपासत बसली तेव्हा तो आत जागा होता, हे तिला त्याच्या श्वासावरून कळत होतं.

गुरुवारी तिने तिघांना सोडलं. आधी धाकटा, मग बॅटरीवाला, मग शिंपी. गाठ तीनदा टक् वाजली. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग घणाचे घाव सुरू झाले, खोल, मऊ, कोणीतरी उशीवर बुक्की मारावी तसे. पहिली बादली आली तेव्हा धाकटी वाकून बघायला लागली. दगडावर खडूच्या फुलीचा एक पाय होता.

सूर्य डोक्यावर आला. बादल्या भराभर येत होत्या. एकदा रिकामी बादली खाली जात असताना वहिनीच्या हाताला दोरात काहीतरी वेगळं लागलं. हिसका नव्हता. बारीक थरथर होती, गाईच्या कातड्यावरून माशी उठताना सरसरतं तशी. तिने धाकटीला थांब म्हटलं. दोघी थांबल्या. तोंडाच्या काठावरची वाळू आपोआप आत सांडत होती.

तेवढ्यात दादा चढण चढून आला. खांद्यावर लाकडाचे दोन टेकू होते. त्याने ते टाकले, पोटावर आडवा झाला आणि जमिनीला कान लावला. उठला तेव्हा त्याच्या गालाला माती चिकटली होती आणि तो चेहरा वहिनीने आधी कधी पाहिला नव्हता.

"खडक बोलायला लागलाय. त्यांना वर घे."

तिने दोराला हिसके दिले. उत्तर आलं नाही. ते आत बोगद्यात खांबाशी होते, दोर तळाशी लोंबत होता. धाकटीने तोंडावर वाकून नवऱ्याला हाका मारल्या. घणाचा आवाज चालूच राहिला.

दादाने दोर वर घेतला आणि कमरेला बांधायला लागला. गाठ दोनदा सुटली, तिसऱ्यांदा त्याने ती दातांनी आवळली. वहिनी म्हणाली, मी नाही सोडणार तुम्हाला. तो म्हणाला, मग उडी मारावी लागेल. आणि तो काठावर बसून पाय आत सोडायला लागला, तेव्हा तिने दांडा धरला.

गाठ टक् वाजली. दोर सैल झाला. घणाचा आवाज थांबला. मग बराच वेळ काहीच नाही. खरं तर फार नसावा, पण त्या वेळात धाकटीने तोंडातल्या तोंडात शंभर देवांची नावं घेतली. दोन हिसके आले. दोघींनी जीव खाऊन ओढलं. शिंपी वर आला, चेहरा पिठासारखा. दोर सोडला. पुन्हा दोन हिसके, बॅटरीवाला. काठावर चढताच तो चार पायांवर रांगत लांब गेला. दोर पुन्हा सोडला. गाठ वाजली.

मग डोंगराने आत आवंढा गिळावा तसा आवाज झाला. आधी पायाखाली, मग कानात. तोंडातून वाऱ्याचा एक लोट आला आणि वहिनीच्या डोक्यावरचा पदर उडून मागे झुडपात गेला. मागोमाग धूळ, पांढरी, गरम. दोघी खोकत मागे पडल्या. वहिनीने दांडा सोडला नव्हता. दोर हातात होता, त्याला वजन नव्हतं.

पुढचा दीड दिवस तिला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. गाव धावत आलं. कंपनीच्या काळातला एक म्हातारा मुकादम, ज्याच्या छातीत दगडाची धूळ बसून आता त्याला घरातल्या घरात चालवत नव्हतं, त्याला चौघांनी खाटेवर घालून वर आणलं. त्याने धापा टाकत सांगितलं की वरून जाऊ नका, पलीकडच्या उतारावर पाणी काढायचा जुना बोगदा आहे, तिकडून जा. बोगदा झुडपांखाली सापडला. माणसं पाळीपाळीने आडवी होऊन आत शिरली, घमेल्यांनी चिखल बाहेर आला. भाववालाही आला होता, टपरी बंद करून. गुडघाभर चिखलात उभा राहून तो घमेली घेत होता आणि त्याच्या खिशातला फोन मधूनमधून वाजत होता. त्याने तो काढून बघितला नाही. वहिनी बोगद्याच्या तोंडाशी बसून राहिली. तिला कोणीतरी पाणी दिलं, ते तिने हातात धरून ठेवलं. धाकटी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. तिची बोटं वहिनीच्या दंडात रुतली होती, त्यांचे निळे व्रण पुढे आठवडाभर राहिले.

शुक्रवारी रात्री उशिरा आतून ओरडा झाला. दोघे जिवंत होते. धाकट्याचा डावा पाय गुडघ्यापासून शिळेखाली अडकला होता. दादाला खरचटण्यापलीकडे काही झालेलं नव्हतं. सगळा वेळ तो अंधारात भावाचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि वरून खडे पडत होते.

धाकट्याचा पाय इस्पितळात काढावा लागला. सरकारी माणूस येऊन विचारून गेला की खाण कोणी उघडली, आणि प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. दोन ट्रॅक्टर माती टाकून तोंड बुजवलं. धाकटा घरी आला, खाटेवर पडून छताकडे बघत राहिला. दादाशी बोलताना त्याची मान वर होत नव्हती. दादाने मात्र त्याला एका शब्दाने टोचलं नाही.

दादाला काय झालंय ते वहिनीच्या हळूहळू लक्षात आलं. तो नीट जेवत होता, गाढ झोपत होता. एकदा चुलीवरचं तापलेलं भांडं त्याने नुसत्या हाताने उचललं, पलीकडे ठेवलं, आणि मग तळहाताकडे बघितलं, जणू तो कुणा दुसऱ्याचा आहे. रस्त्यावर मालट्रक भोंगा वाजवत अंगावर आला तरी त्याची चाल बदलायची नाही. आत त्या दीड दिवसात त्याची सगळी भीती खर्च होऊन गेली होती. घरात एकाचा पाय गेला होता आणि एकाची भीती. पायाचं सगळ्यांना दिसत होतं.

दोन महिन्यांनी भाव परत चढला. हात मिळवलेल्या त्या दोन देशांनी पुन्हा पाठी फिरवल्या होत्या. भाववाल्याने टपरी पूर्ण उघडली. भाव पूर्वीच्या टोकाच्याही वर गेला, असा कधी कुणी पाहिला नव्हता, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. आणि एका सकाळी बॅटरीवाला आणि शिंपी दारात उभे राहिले. डोंगरावर आणखी वर दुसरं तोंड सापडलं होतं. रहाट रोवून झाला होता. या वेळी दादा म्हणेल तसं, खांबाकडे बघणारसुद्धा नाही, असं शिंपी शपथ घेऊन सांगत होता. त्याच्या घरी पाच माणसं होती आणि कारखाना अजून बंद होता.

"येतो," दादा म्हणाला. एवढंच. शेजारी मीठ मागायला आल्यावर देतो म्हणावं, तसं.

त्या शब्दाने वहिनीच्या अंगावर काटा आला. त्याने दोराचं विचारलं नव्हतं. चहा एका दमात प्यायला आणि निघालासुद्धा. दोर तिने घाईघाईने, अर्धामुर्धा तपासून, खांद्यावर घेतला आणि ती मागे चालत राहिली. आत जाणाऱ्या माणसाला भीती नसेल तर त्याला वर काढायचं ते कशाच्या भरवशावर, हे तिला कळेना. धाकटीही दांडा धरायला आली होती. तिच्या नवऱ्याच्या औषधांना आता दर आठवड्याला काहीतरी लागायचंच.

नवं तोंड अरुंद होतं, त्याची माती भुसभुशीत. दादाने कमरेला दोर गुंडाळला आणि न बघताच गाठ मारली. ढिली. तो काठाकडे चालायला लागला तेव्हा वहिनीने त्याचा हात धरला. चारचौघांत तिने असं कधी केलं नव्हतं.

"आज मी उतरते," ती म्हणाली. "आधी मी बघून येते. तुम्ही दांडा धरा."

बॅटरीवाला हसला. शिंपी काहीतरी पुटपुटला, की बाईमाणसाने खाली... आणि त्यालाच ते वाक्य पुरं करवेना. वहिनी दादाकडे बघत होती. तो रागावेल, वेडी झालीस का म्हणेल, असं तिला वाटलं होतं. त्याने खांदे उडवले.

"उतर."

तिने दोर आपल्या कमरेला बांधला, स्वतःच्या हाताने, तीनदा ओढून बघितला. पदर खोचला. काठावर बसली. दादाने एक दांडा धरला, धाकटीने दुसरा. पाय सुटले.

आधी अंगभर ऊन होतं, मग मानेच्या वर, मग नुसतं डोक्यावर. मग गार ओली भिंत नाकासमोरून वर सरकायला लागली आणि तिला कुजक्या पाल्याचा वास आला. दोर कमरेत काचला, बरगड्या एकमेकींत शिरल्यासारख्या झाल्या. सत्तावीस वर्षं तिने या माणसाला असं सोडलं होतं आणि खाली जाताना भिंत आपल्याकडे झुकल्यासारखी वाटते, हे तिला ठाऊक नव्हतं. तिने वर बघितलं. तोंड ताटलीएवढं राहिलं होतं. दोर भराभर सुटत होता, बेफिकीर, मातीची पाटी सोडावी तसा.

तिच्या खांद्याशी भिंतीचा एक ढपला सुटला. आधी माती अंगावर आली, मग नारळाएवढा दगड तिच्या कोपराला घासून गेला. तिने आवाज केला नाही. करायला श्वासच नव्हता. दगड तळाशी पोहोचायला बराच वेळ लागला. मग आवाज वर गेला.

दोर थांबला.

ती लोंबकळत राहिली. कोपरातून काहीतरी गरम वाहत होतं. आणि मग तिच्या कमरेला ते लागलं. दोर थरथरत होता. हवेने नव्हे, वजनाने नव्हे. वर ज्या हातांत तो होता ते हात कापत होते. तिने एक हिसका दिला, सोड म्हणून. दोर हलला नाही. तिने पुन्हा दिला. दोर हलला नाही, नुसता थरथरत राहिला. आणि मग तिने काही न सांगताच तो वर जायला लागला, हातभर, थांबून, पुन्हा हातभर.

काठावर धाकटीने तिला बगलेत धरून ओढून घेतलं. दादा अजून दांड्याला चिकटून होता. त्याचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता, हनुवटीवरून घाम ठिबकत होता, तळहाताची सालं दांड्याला लागली होती. ती उभी आहे, हे दिसल्यावरही त्याला दांडा सोडवेना. वहिनीने त्याची बोटं एकेक करून काढली.

शिंप्याने विचारलं, खाली काय आहे. मला काही दिसलं नाही, ती म्हणाली. दादाने सांगितलं की हे तोंड बुजवा, मी उतरणार नाही आणि हिला उतरू देणार नाही. त्याचा आवाज फाटला होता. बॅटरीवाला सोन्याच्या भावाचं काहीतरी बोलायला लागला. दादाने रहाटाचा दांडा आसातून उपसून काढला आणि खांद्यावर टाकला. तो दांडा त्याच्याच विहिरीच्या रहाटाचा होता. बाकीचे दोघे बघत राहिले. त्याच्या जागी दुसरा दांडा आणायला गावात जावं लागणार होतं, आणि ते जातील, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

तिघं डोंगर उतरायला लागली. धाकटी पुढे. तिला उद्याचं काय ते कोणी विचारलं नाही. अर्ध्या वाटेवर, ओढ्याशी, दादा एका दगडावर बसला. खालच्या गावांत जुन्या विहिरींचा गाळ काढायचं काम आहे, अर्ध्या मजुरीवर का होईना, उद्या जाऊन विचारतो, असं तो म्हणाला. वहिनी त्याच्या तळहातावर ओढ्याचं पाणी घालत होती. पाणी लागताच तो कळवळला.

मग त्याने विचारलं, "रहाटावर उभं राहिलं की रोज असं होतं?"

"रोज," ती म्हणाली, आणि दुसरा हात पुढे करायला सांगितला.